मातीच्या पेपरात नापास

राज्यं नव्यानं आखली गेली, त्याच्या पुढच्या वर्षी आमचे हे महिन्याभराच्या सुटीवर पांढुर्ण्याला आले. सुटी कसली, ते नापास होऊन आले होते. घरात ते फक्त मला माहीत होतं.

यांची मूळची नोकरी नागपूरच्या एका सरकारी खात्यात, पाण्यासाठी बोअर पाडण्याची. तिथून यांची निवड तेल आणि गॅसच्या खोल विहिरी खोदण्याच्या वरच्या शिक्षणासाठी झाली. दूर एका उजाड माळावर तंबू ठोकून वर्ग चालत. शिकवायला एक परदेशी साहेब होता. पास झालं की पक्की नोकरी आणि बायकोला नेता येणार. नापास झालं की जुन्या खात्यात परत. पण नागपूर मुंबई राज्यात गेलेलं, आम्ही मध्यप्रदेशात राहिलेले, आणि त्या खात्यातला कोणता माणूस कोणाकडे जाणार हे खात्यालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे मी सासूबाईंच्या हाताखाली, किती दिवस ते कोणी सांगावं. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि आम्ही दोन महिनेही सलग एका छपराखाली राहिलो नव्हतो. मला तिथून निघायचं होतं. यात लपवण्यासारखं काही नाही.

"सगळं सुटलं. मातीचं तेवढं राहिलं," हे मागच्या अंगणात म्हणाले.

"इंजिनियरले मातीचा पेपर?"

मग त्यांनी समजावलं. खोदताना नळीतून पातळ चिखल खाली सोडतात. तो खालचा चुरा घेऊन वर येतो आणि भोकाच्या भिंती ढासळू देत नाही. फार पातळ झाला तर चुरा खालीच राहतो, फार घट्ट झाला तर पंप दमतो. साहेबानं चार बादल्या पुढे ठेवल्या, हात घाल आणि विहिरीत सोडण्याजोगी कोणती ते सांग म्हणाला. यांनी चिखलाचा घट्टपणा मोजायचं नरसाळं मागितलं. साहेब म्हणाला, ते फुटलं तर? यांचा अंदाज चुकला. पुन्हा विचारलं, पुन्हा चुकला. महिन्याभरानं एकदाच, शेवटचं विचारीन, असं साहेबानं सांगितलं.

"मग इतके दिवस करत काय होते तुम्ही?"

"चिखल कालवायला मजूर असतात. मी वहीत उतरवून घेत होतो."

मला हसू आलं नाही. सासरे शाळेत मास्तर; मास्तरांच्या घरात वाढलेला हुशार मुलगा मातीत हात घालत नाही, हे शिकवलं आमच्यासारख्या घरांनीच. पाटावर बसवून, हातावर पाणी घालून वाढवलेलं माणूस ते.

दुसऱ्या दिवशी सौसरच्या रस्त्यावरच्या एका ओळखीच्या शेतातून मी काळी माती मागवली. ढेकळं रात्रभर भिजवली, जुन्या धोतरातून गाळली आणि चार बादल्यांत चार तऱ्हेचा चिखल केला. रॉकेलचं नरसाळं घासून घेतलं. हात घालून आधी अंदाज सांगायचा, मग नरसाळ्याचं खालचं तोंड बोटानं दाबून ते काठोकाठ भरायचं आणि बोट काढून, रिकामं व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं. बादल्यांचा क्रम मी रोज बदलत असे.

पहिले आठ दिवस वाईट गेले. हे दोन बोटं बुडवत आणि लगेच धुवायला पाणी मागत.

"कोपरापर्यंत घाला. बोटं बुडवायले ते काय तीर्थ आहे?"

सासूबाई दारात येऊन बघत. "लेक इंजिनियर झाला, अन् ही त्याले चिखल तुडवाले लावून राहिली. सावरगावची पोरगी आणली, गोटे मारल्याशिवाय बोलन कशी."

माझं माहेर जाम नदीच्या पलीकडचं, सावरगावचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवरून गोटमार, म्हणजे एकमेकांवर दगडफेक, चालते, त्यामुळे हा टोमणा मला वर्षभर पुरवून पुरवून मिळे.

शेजारीणबाईंनी कुंपणावरून विचारलं, "तेल निघालं का हो?"

"निघालं की तुमचाच कंदील आधी भरते," मी म्हटलं.

सासऱ्यांना खरं काय ते पंधराव्या दिवशी कळलं. कोणी सांगितलं नाही. त्यांनी आयुष्यभर नापास पोरांचे चेहरे पाहिले होते. घड्याळ हातात घेऊन स्टुलावर बसले आणि म्हणाले, "चल, सांग."

तेव्हापासून यांचा हात बसू लागला. रात्रभर ठेवलेला चिखल गोठल्यासारखा होतो आणि ढवळला की पुन्हा वाहतो, हे यांनी वहीत लिहिलेलं होतं, पण बादलीत पाहून चकित झाले. मला त्यात नवल वाटलं नाही.

हे परत गेले आणि माझं चित्त ठिकाणावर राहिना. मी घासलेली भांडी परत घासली. ट्रंक भरली, उपसली, पुन्हा भरली. गाडीची शिटी ऐकू आली की हातातलं काम थांबे.

पत्र आलं. पास. खाली लिहिलं होतं, क्वार्टर मिळायला वर्ष लागेल, तोवर तिथेच थांब.

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या.

मी कार्ड लिहिलं: तंबू चालतो. मी निघून राहिली. सासऱ्यांनी कार्ड वाचलं, पेटीत टाकलं आणि मग स्टेशनवर पोचवायला आले. वाटेत एवढंच म्हणाले, "पाण्याची सुरई जवळ ठेव."

तंबूत धुळीची जमीन होती. तिसऱ्या दिवशी हे खुशीत एक पोतं घेऊन आले. विहिरीच्या चिखलासाठी बाहेरून येणारी खास माती, थोडी उरलेली.

"सारवायला. इतकी बारीक माती तुला पांढुर्ण्यात मिळाली नसती."

मी चिमूटभर ओली केली. फुगली, बुळबुळीत झाली.

"हे सारवलं तर वाळल्यावर अशा भेगा पडतील की त्यांत ताट उभं राहील. ही काळ्या मातीसारखीच फुगते, असल्या मातीनं कोणी सारवतं का? पिवळी आणा. अन् शेण."

हे पोतं उचलून निघाले. दारात थांबून म्हणाले, "हे साहेबानं विचारलं नाही, बरं झालं."