पत्रावळीवरची माती

ती सकाळ मी आजही विसरलेलो नाही. बडोद्याला दांडिया बाजार भागातल्या ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. तिथे मराठी मंडळींची एक जुनी व्यायामशाळा आहे. मागे आखाडा, पुढे खो-खोचे मोकळे मैदान. त्या मैदानावर फ्लॅटची स्कीम यायची होती. हरकत घेणारे बरेच होते, पण एकेक जण घाबरून गळाला. उरल्या फक्त एक बाई, निवृत्त शिक्षिका, मुलींना खो-खो शिकवणाऱ्या. सुनावणी तोंडावर आली होती. बाईंनी नाव मागे घेतले की मैदान गेलेच.

फिर्याद बाईंचीच होती. सकाळी दार उघडले तर उंबऱ्याबाहेर पत्रावळीवर लाल मातीचा ढीग, त्यात रोवलेला त्यांचाच फोटो आणि फोटोला ताजा हार. त्याआधी नुसती माती येत होती. ती त्यांनी कुणाला न सांगता तुळशीत टाकली होती.

पंचनाम्याच्या वेळी त्यांचा मुलगा शेजारी उभा होता. राहायला मांजलपूरला, पण रोज आईकडे फेरी. त्याचे एकच पालुपद, "आई, तो हरकतीचा अर्ज पाछो घे ना. मैदान काय आपलं एकट्याचं आहे?"

"तू गप बस," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "साहेब, भीती वाटते हो. लावलेली कडी परत परत बघते. पण मी हटले तर त्या मुली खेळायच्या कुठे?"

त्याच दुपारी ठाण्यात निनावी फोन आला, बिल्डरच्या माणसाला पकडा म्हणून. त्याला आणून बसवला. बेरकी होता, पण हसला ते खरे हसला. "साहेब, कोईने बिवडाववा होय तो हुं माटी पतराळामां मूकुं?" दम द्यायचा तर माती पत्रावळीवर मांडत कशाला बसू, असे त्याचे म्हणणे.

तो गेल्यावर मी ती माती हुंगली. तेल, हळद, ताक. आखाड्याचीच माती. लहानपणी मीही तिच्यात लोळलो आहे. चपला काढतो त्या जागी आम्ही ती माती कधी ठेवत नाही. गुंडाने ती सरळ दारात ओतली असती. धमकी देतानाही जो तिच्याखाली पत्रावळ घालतो, तो आमच्यातलाच असणार. फोटोही व्यायामशाळेच्या भिंतीवरचा निघाला.

जुन्या विद्यार्थ्यांना एकेक करून जबाबाला बोलावले. टेबलावर आखाड्यातून आणलेली मूठभर माती ठेवली होती. प्रत्येकाचा हात सवयीने मातीकडे गेला आणि कपाळाला लागला. बाईंचा मुलगाही तिथलाच विद्यार्थी. त्याने मात्र दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"हात का लपवतोस?" मी विचारले.

तो रडायलाच लागला. "मीच ठेवली, साहेब. ऑफिसबाहेर मोटारसायकलवर दोघं आले होते. तुझी आई फिरायला कुठल्या रस्त्याने जाते, एवढंच विचारलं. आवाजसुद्धा चढवला नाही. आईला सांगितलं असतं तर ती मुद्दाम त्याच रस्त्याने गेली असती. वाटलं, घाबरून घरात बसली तर जिवंत तरी राहील."

निनावी फोनही त्याचाच होता. त्या दोघांबद्दल उघड सांगायची त्याची छाती नव्हती.

बाईंना मी सगळे सांगितले.

"हारही त्यानेच घातला?"

मी होकारार्थी मान हलवली.

"सुनावणीला मला तोच सोडेल," त्या म्हणाल्या आणि फिर्याद मागे घेतली. सुनावणीच्या दिवशी त्याच्या स्कूटरवर मागे बसून त्या खरोखर गेल्या. निघताना त्याने आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघून घेतले.

गुंडाच्या भीतीवर बंदोबस्त लावता येतो. मायेपोटी माणूस जे करून बसतो, त्याला कुठले कलम लावायचे हे मला आजवर कळलेले नाही. मोटारसायकलवरचे ते दोघे मला कधीच सापडले नाहीत, आणि याची टोचणी निवृत्तीनंतरही जात नाही.

निकाल अजून लागायचा आहे. मैदान अजून मोकळे आहे. संध्याकाळी बाई शिट्टी वाजवतात, मुली धावतात, त्यांचा मुलगा आणि मी पायरीवर बसून बघतो. कुंपणापाशी एखादी मोटारसायकल थांबली की मुलगा उठून उभा राहतो. त्याच्या शेजारी मीही.