साचिको काळभोर कुठे निघाल्या होत्या

साचिको काळभोर यांना जाऊन महिना झाला, तरी आपली आई नक्की कोण होती हे नीरजाला कुणाला नीट सांगता येत नव्हतं. लोक विचारत, "जपानी होत्या ना?" नीरजा "हो" म्हणे आणि तिथेच अडे. शेवटचं वर्ष सोडलं तर उभ्या संसारात साचिको घरात कधी जपानी बोलल्याच नव्हत्या.

नीरजाचे वडील ज्ञानदेव काळभोर कारखान्याच्या प्रशिक्षणाला ओसाकाला गेले ते लग्न करूनच आले. लोणी काळभोरला सासूने सुनेला न्याहाळून सांगितलं, "पोरगी चांगली हाय, पण बोलंना." साचिको बोलायला शिकल्या आणि मग पुणेरीच बोलल्या. कर्वेनगरच्या सोसायटीत कुणी "तुम्हाला इथे करमतं का हो?" असं विचारलं, की म्हणत, "आपण विचारायला येता, मग न करमून कसं चालेल?" माहेराबद्दल मात्र एवढंच, "तिथे आता कोणी नाही."

शेवटच्या वर्षी त्यांना विसर पडू लागला. मराठी हळूहळू गेली, जपानी वर आली. रोज संध्याकाळी त्या चपला घालून दाराशी उभ्या राहत आणि म्हणत, "काएरू."

शेजारची अपेक्षा जपानी शिकत होती. नीरजाने तिला अर्थ विचारला.

"घरी जाते, असं म्हणतायत."

"अगं, घरीच तर आहे ती."

"कुठल्या घरी, ते त्या शब्दात नसतं, काकू."

एक दिवस नीरजाने समजूत घालायची सोडून रिक्षाच बोलावली. "आई, कुठे जायचं?"

साचिको स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "बिबवेवाडी."

लग्नानंतरची भाड्याची खोली तिथे होती. नीरजाचा जन्म तिथलाच. इमारत अजून उभी होती. तळमजल्यावरच्या जरीनाबींनी साचिकोंना लगेच ओळखलं, हाताला धरून पलंगावर बसवलं.

"एकदा अशीच आली होती, पिशवी घेऊन," त्या नीरजाला म्हणाल्या. "म्हणाली, जपानला चालले. दुपारभर इथे बसली आणि परत वर गेली. तू अगदी तान्ही होतीस तेव्हा."

"मी होते तिच्याबरोबर? की वर, घरात?"

जरीनाबी विचारात पडल्या. "माझ्या मांडीवर बाळ होतं, एवढं आठवतं. पण तेव्हा आमचा जुनेदही तेवढाच होता गं."

साचिको चहात बिस्कीट बुडवत होत्या. "आई, तू मला नेणार होतीस का?" नीरजाने विचारलं. त्यांनी तिचा हात थोपटला आणि जपानीत बरंच काही सांगितलं. त्यातलं नीरजाला फक्त स्वतःचं नाव कळलं. मग त्यांनी चपला शोधल्या. "काएरू."

दोघी कर्वेनगरला परतल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साचिको पुन्हा दाराशी उभ्या होत्या.

त्या गेल्यावर नीरजा एकटीच जरीनाबींकडे जाऊन आली. त्यांना आणखी काही आठवलेलं नव्हतं. रिक्षातून येताना तिच्या मनात तेच चालू होतं. आई आपल्याला सोडून निघाली असेल, तर ती आपल्यासाठीच परत फिरली. घेऊन निघाली असेल, तर मग कुणासाठी फिरली? यातलं आपल्याला काय खरं असायला हवंय, हेही तिला ठरवता येईना.