चार आवाजांतली आत्या

पार्से गावची लेक आणि नार्वे गावची सून असलेल्या माझ्या आत्याइतकं जग गाऊन पालथं घातलेलं माणूस पेडणे आणि डिचोली तालुक्यांत मिळून दुसरं नसेल. आणि इतकं गाऊनही जिचा आवाज घरच्यांनीसुद्धा कधी ऐकला नाही, अशी गायिका तर अख्ख्या पृथ्वीवर नसेल. आत्या पणजीच्या एका वृंदगान मंडळीत गाते. हा हौशी कारभार नव्हे. तिथं गाण्याचा पगार मिळतो, चार थरांत चार वेगळ्या चाली एकाच वेळी गायच्या असतात आणि युरोपातल्या मोठमोठ्या सभागृहांतून आमंत्रणं येतात. आत्या बायकांच्या खालच्या पट्टीत, म्हणजे चारांतल्या मधल्या थरात, उभी राहते. पूर्वी ती डिचोलीच्या शाळेत भूगोल शिकवायची. तिथं मुलांचे आवाज निवडायला आलेल्या मंडळीच्या संचालकबाईंनी व्हरांड्यातून तिचं ओरडणं ऐकलं आणि मुलांना सोडून तिलाच उचललं. "पोरांक ओरडल्याचा असला बक्षीस दुसऱ्या खंयच्याच मास्तरणीक गावलेला नाय," असं ती अजून सांगते.

पण तिला कोणी "एक गाणं म्हण गो" म्हटलं, की ती आधी विचारणार, "सोबत कोण आसा?" एकटीनं गायचं ही कल्पनाच तिला असभ्य वाटते. "एकटीन गावचा म्हणजे एकटीन फुगडी घालूची." एकदा तिच्या कार्यक्रमाहून परतताना मी कौतुकानं म्हणालो, "आत्या, आज तुझा आवाज मला अगदी वेगळा ऐकू आला." तिचा चेहरा पडला. "खरा सांगतंस? मगे चुकलंय मी." पुढचे चार दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. एका चवथीला तर तिनं घरच्या सगळ्यांना चार आवाजांत वाटून आरती बसवली. तिच्या यजमानांना, म्हणजे आमच्या भाऊंना, गाण्याचं अंग नाही म्हणून फक्त एक लांबलचक 'ऊ' दिला होता. आरती संपली, भटजी नारळ फोडून मोकळे झाले, तरी भाऊ डोळे मिटून 'ऊ' धरूनच होते, कारण त्यांना थांबण्याची खूण करायला आत्या विसरली होती.

वृंदगानात म्हणे शेजारणीनं श्वास घेतला की आपण घ्यायचा नाही, म्हणजे सूर कुठे तुटत नाही. हे शास्त्र आत्यानं आपल्या जावेला शिकवलं आणि दोघी डिचोलीच्या बाजारात मासळी घ्यायला गेल्या. एकीचं वाक्य संपायच्या आत दुसरीचं सुरू. बांगड्यांच्या भावावर त्या इतक्या अखंड बोलल्या, की मासळीवालीला तोंड उघडायला फटच मिळेना. शेवटी तिनं कोयता खाली ठेवला आणि हात जोडून म्हणाली, "बायांनो, व्हरा हे बांगडे, पूण मातसो स्वास घेयात!"

आणि जग फिरून ही बाई काय सांगते? मी विचारलं, "व्हिएन्ना कशी आहे?" तर म्हणे, "सावकाश विझता." म्हणजे तिथल्या सभागृहात सूर हळूहळू विरतो. "आणि पॅरिस?" "कोरडा." प्रत्येक देश तिला टाळी वाजवून कळतो. नव्या घराच्या वास्तुशांतीला गेली तरी दिवाणखान्याच्या मधोमध उभी राहून ती खण्णकन टाळी वाजवते, कान देते आणि घरधन्याला सांगते, "सोफो हाडा. बरा होतला." दोघातिघांनी खरोखरच आणला.

अशा या आत्याच्या गळ्यात गाठ निघाली. लिस्बनचा दौरा तोंडावर आला होता. तिथल्या एका जुन्या सभागृहात टाळी वाजवायची तिची फार दिवसांची इच्छा होती. शस्त्रक्रिया टाळण्यासारखी नव्हती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "आवाजाची नस गाठीला अगदी चिकटून जाते. आम्ही जपू, पण वचन देता येणार नाही." आत्यानं मान डोलावली. बाहेर आल्यावर मात्र भाऊंच्या बाहीला घट्ट धरून म्हणाली, "माझी जागा रिकामी ऱ्हवली तर मधलो थर कोसळतलो हो."

शस्त्रक्रिया झाली. गाठ साधी निघाली. भाऊंनी हॉस्पिटलच्या पायरीवर बसून इतका मोठा सुस्कारा टाकला, की बाजूचा रखवालदार पाणी घेऊन धावला. पण आत्याच्या गळ्यातून नुसतीच हवा येत होती. नस सुजली आहे, वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मंडळी तिच्याविनाच लिस्बनला जाणार हे ठरलं. घरात कुलेर, म्हणजे चमचा, भांड्यावर आपटून आत्या आम्हांला हाका मारू लागली: एक ठोका भाऊंना, दोन जावेला. पुढे डॉक्टरांनी बोलून बघायची परवानगी दिली, तरी ती तोंड उघडीना. प्रयत्न केला आणि नुसती हवाच आली तर, ही भीती तिच्या डोळ्यांत दिसायची. आम्हीही आग्रह करीत नव्हतो.

लिस्बनचा कार्यक्रम थेट दिसणार होता. रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून जनेलं लावून घेऊन आम्ही सगळे संगणकापुढे बसलो. ती रडेल म्हणून जावेनं पदर तयार ठेवला होता. गाणं सुरू झालं. आत्या पुढे वाकून ऐकत होती, भोक पडलेलं छप्पर पावसात न्याहाळावं तशी. एक गाणं झालं, दुसरं झालं. मधला थर कुठे हलला नाही. शेवटचा सूर त्या सभागृहात विरत गेला आणि आत्या खुर्चीवर मागे रेलून खणखणीत म्हणाली, "बरा झाला गो बाई! पडाक नाय!"

आम्ही सगळे तिच्याकडे वळलो. भाऊ ओरडले, "अगो, तूं उलयलें!"

"बोललंय?" आत्या गळ्याला हात लावून म्हणाली, "मगे गप कित्याक बसलास? त्या उजवीकडच्या पोरीचो श्वास ऐकू येता, तिका फोन करूक होयो." आणि मग बोलतच सुटली. भाऊ हसत होते, जाऊ पदरानं स्वतःचेच डोळे पुसत होती, आणि कितीतरी दिवसांनी त्या घरात कोणाचंच कोणाला ऐकू येत नव्हतं. रात्री जेवताना तिनं मला हळूच विचारलं, "माझी उणीव तुका जाणवली?" मी खरं तेच सांगितलं, "नाही." ती हसली. भातावर आमटी घेता घेता म्हणाली, "तेच बरा." पण आमटी वाढून झाल्यावरही डाव बराच वेळ तिच्या हातात होता.

आवाज परतला, वरचे दोन सूर तेवढे गेले. संचालकबाईंनी तिला आणखी खालच्या ओळीत घेतलं. परवा मंडळी जपानला निघाली, तेव्हा मी तिला मोप्याच्या विमानतळावर सोडायला गेलो होतो. सगळ्यांना सारखेच निळे कोट होते. काचेच्या दारातून बायका ओळीनं आत गेल्या आणि मागून कोण कुठली ते कळेना. दूर गेल्यावर त्यांतल्या एकीनं न वळताच हात वर केला. ती आत्याच असावी असं धरून मीही हात हलवला.