टाकीचं विरजण

कासामावशीनं लोणच्याची काचेची बरणी हलवली, उन्हात धरली आन कट्ट्यावर ठेवली. आत आमी दोघी कामाला असलेल्या वसाहतीच्या सांडपाण्याच्या टाकीतलं पाणी. रोज अर्ध्या तासात गाळ दह्यासारखा खाली बसायचा आन वर पाणी निवळायचं. त्या दिवशी सगळं राखेसारखं तरंगतच राहिलं.

"सुके, टाकीत काय वतलंस?"

"फिनेल. चार कॅन. लय घाण वास यायलता म्हनून."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती खाली बसली. "अगं, त्या टाकीत जीव असतेत, डोळ्याला न दिसणारे. तेच घाण खातेत. तू सगळ्यांला मारलंस."

मी करोनात नववीतनं शाळा सोडलेली. घाण काढायला औषधच लागतं, असं मला वाटायचं. वसाहतीचा कारभार बघणाऱ्या साहेबालाबी तेच वाटायचं. तो म्हनला, ब्लीचिंग पावडरीची पोती आणू, आन पाणी निवळलं न्हाई तर सुकेशनीनं घरी बसायचं.

"पावडर नको साहेब," मावशी म्हनली. "दूध नासलं म्हनून कुनी त्यात चुना घालतंय का? विरजण लागतंय."

साहेब हसला. शेळ्या राखलेली, अंगठा लावणारी बाई त्याला शिकवायलेली. पन हसता हसता आठ दिवस दिले त्यानं.

फिनेलाचं पाणी टँकरनं उपसून काढलं. मग आमी रिकामे कॅन ऑटोत टाकून जिंतूर रोडच्या दुसऱ्या वसाहतीत निघालो. मावशी सारखी घाई करायली. "दिवे लागायच्या आत पोचायचं. नंतर विरजण कुनी देत न्हाई."

तिथल्या टाकीवरचा रामकिशन कॅन बघून म्हनला, "मावशी, विरजणाला वाटी आणतेत."

"माझं घर मोठं हाय रे."

त्यानं तपकिरी गाळ भरून दिला. तो आमच्या टाकीत वतला आन हवेचा पंप चालू केला.

मग रोज सकाळी मावशी टाकीतलं पाणी वाटीत काढून माझ्या नाकाखाली धरायची. "सांग, कसा वास यायलाय?"

"सडल्याचा."

"नीट हुंग. नाक काय नुसतं चमकी घालायला हाय का?"

सहाव्या दिवशी मी म्हनलं, "मातीचा. नांगरलेल्या रानाचा."

तिनं लगेच बरणी भरली. गाळ बसला. वर पाणी दिसायलं. साहेबानं बरणी दोनदा फिरवून बघितली आन पावडरीचं नाव परत काढलं न्हाई.

आता मावशी तिच्या गावी बोरीला असते, तिच्या शेळ्यांत. टाकी मी एकटी सांभाळते. तिला कुनी अडाणी म्हनलं तर मी सरळ भांडते. शाळेत मला कुनी कधी विचारलं न्हाई, तुला काय वाटतंय म्हनून. तिनं रोज विचारलं, आन मी सांगितलं ते खरं धरलं. मला वाटायचं, ती माझी परीक्षा घ्यायलीय.

औंदा बोरीला गेले. तिची सून बबिता चुलीवरची करपलेली भाजी उतरवत म्हनली, "आत्याबाईला ध्यान ठेवायला बसवलं, माझंच चुकलं. करोनापासून त्यांला कसलाच वास येत न्हाई माय."