टिंब द्या, कॉमा नको!

पायसान्दूच्या नेलिदा बुर्गेन्यो बाईंशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाल्या आणि मग 'न्यांदू'वाल्यांना धारेवर धरलं. न्यांदू म्हणजे गणिताचं फुकट सॉफ्टवेअर, कुणीही आत हात घालून सुधारावं असं. चर्चा मात्र फोरमवर, सगळ्यांसमोर. तिथे नवा माणूस आला की बाईंचं पालुपद ठरलेलं, "टिंब द्या, कॉमा नको!" आमच्या पायसान्दूकडे दशांशाला टिंब नाही, कॉमा देतात; साडेतीन लिहायचे तर तीन, कॉमा, पाच. न्यांदूला कॉमा दिसला की वाटतं, दुसरा आकडा सुरू झाला. यावरून बाईंनी भल्याभल्यांची खरडपट्टी काढलेली.

त्या गुरुवारी पाळी होती ग्वातेमालाच्या फेर्मीन त्सुलची. 'सर्वांत मोठी संख्या' शोधायचा भाग त्याने नव्याने लिहिला होता. बाईंनी वहीतून दोन पोरींच्या लांब उड्या घातल्या, साडेतीन मीटर आणि तीन पूर्णांक दोन दशांश. उत्तर आलं पाच! झालं, बाईंनी तोफ डागली, "याला लहानमोठं कळत नाही. काढा याला." लगेच मतदान लागलं, चारला बंद होणार. सात मतं काढा म्हणत होती. फेर्मीनची विद्यापीठातली शिष्यवृत्ती याच कामावर होती. इथून गेला की तीही गेली.

बिचारा एवढंच लिहीत होता, "बाई, तुम्ही घातलेली ओळ जशीच्या तशी इथे टाकाल का?" एकदा नाही, तीनदा.

"मला नको शिकवूस!" बाईंनी ठणकावलं.

पावणेचारला शेजारची सुल्मा माते, म्हणजे इकडचा कडू चहा, घेऊन आली. "आज कुणाचा मुडदा पाडतेयस गं?"

"आहे एक दीडशहाणा. ओळ हवीय म्हणे!"

"बघू तरी." सुल्मा पडद्याशी वाकून मोठ्याने वाचू लागली. "तीन कॉमा पाच, कॉमा, तीन कॉमा दोन."

बाईंनी मातेचा पेला खाली ठेवला. "काय म्हणालीस?"

"तीन कॉमा पाच. मग काय म्हणू?"

वहीतलं तसंच उतरलं होतं. न्यांदूला मिळाले चार आकडे, तीन, पाच, तीन, दोन. त्यांत मोठा पाचच. मेल्यानं बरोबर उत्तर दिलं होतं!

चारला बारा मिनिटं होती.

"गप्प बस," सुल्मा म्हणाली. "आपलं मत तेवढं मागे घे. कोण विचारतंय?"

क्षणभर बाईंना ते पटलंही. दहा वर्षांचा दरारा होता; उद्या सगळे फिदीफिदी हसले असते. "पण बाकीचे सहा माझ्याच भरवशावर आहेत गं," त्या पुटपुटल्या. आणि त्यांनी फोरमवर लिहिलं, "चूक फेर्मीनची नाही, माझी आहे. मी कॉमा दिला. मतं मागे घ्या."

बाई घड्याळाकडे बघत बसल्या. मग एक मत गळलं, मग दोन, आणि चारला एक मिनिट असताना सातवंही गेलं. खाली कुणीतरी लिहिलं, "टिंब द्या, कॉमा नको!" बाईंनी ते मुकाट गिळलं.

तेवढ्यात फेर्मीनचा खासगी निरोप आला. "बाई, 'पाच' बघितलं तेव्हाच मला कळलं होतं. पण इथलं सगळं तुम्हीच मला हाताला धरून शिकवलंत. चारचौघांत तुम्हाला कसं सांगू?"

बाईंनी डोळे पुसले. उत्तर मात्र फोरमवर, सगळ्यांसमोर टाकलं, "फेर्मीन, पुढच्या वेळी चारचौघांतच सांग."