बोट लागलं होतं

आबांनी अट घातली होती, आणि त्यांची अट म्हणजे आडतीवरचा सौदा. एकदा ठरला की माघार नाही. सिल्लोडला आमची मक्याची आणि कापसाची आडत. धाकटा भाऊ माझ्याकडं औरंगाबादला राहून कॉलेज करायचा, म्हणजे बहुतेक वेळ व्हॉलीबॉल खेळायचा. आबांच्या मते पोरगं वाया चाललं होतं. मी वडिलांशी तोंड सोडून भांडले, तेव्हा कुठं ते म्हणाले, "येतो एकदा. बघण्यासारखं काय असलं तर राहू दे. नायतर दिवाळी झाली की दुकानात बसवतो."

माझ्या वेळेला माझ्यासाठी कुणी भांडलं नव्हतं. शाळा सुटली की बोहलं, एवढंच माझं शिक्षण. त्याचं तसं होऊ द्यायचं नाही, हा माझा हट्ट होता.

म्हणून आबा एसटीनं आले ते नेमके विद्यापीठ स्पर्धेच्या शेवटच्या सामन्याला. विद्यापीठाच्या डोंगराखालच्या मैदानावर ऊन मी म्हणत होतं. आबांनी पायरीवर टॉवेल टाकला, फुटाण्याची पुडी सोडली आणि जाळीकडं असं बघू लागले, जसा काही ओला माल दारात आलाय. मी मैदानाकडं कमी आणि त्यांच्या तोंडाकडं जास्त बघत होते. धाकट्यानं पहिला जोरदार फटका मारला तेव्हा सगळे ओरडले. आबांनी एक फुटाणा तोंडात टाकला.

"बरं मारलं ना?" मी विचारलं.

"व्हय. पुढं काय?"

दोन्ही संघांनी दोन-दोन सेट जिंकले, पाचवा सुरू झाला. आबांनी दोनदा घड्याळ बघितलं. सिल्लोडची गाडी चुकेल म्हणून ते उठून गेले असते, तर तोच निकाल होता. धाकट्याला हे ठाऊक होतं. प्रत्येक पॉइंटनंतर त्याची नजर आमच्या पायरीकडं यायची, आणि मला वाटायचं, अरे बाबा, इकडं नको, चेंडूकडं बघ.

शेवटी अशी वेळ आली की समोरच्यांना एक पॉइंट मिळाला असता तर खेळ खलास. त्यांच्या उंच पोरानं चेंडू हाणला. धाकट्यानं जाळीवर उडी मारून हात आडवे घातले, पण चेंडू वरून निघून चुन्याच्या रेषेबाहेर पडला. उंच खुर्चीवरच्या पंचांनी आउट दिला. आम्ही वाचलो! मी आबांचा दंडच धरला.

आणि धाकट्यानं हात वर केला.

सिल्लोडला शाळेमागं जाळी बांधून पोरं खेळायची, तिथं पंच कुठला असणार? चेंडू बोटाला घासून बाहेर गेला, तर पॉइंट समोरच्यांचा, आणि ज्याचं बोट त्यानंच हात वर करायचा. न करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी खेळायला घेत नसत. धाकटा तिथंच खेळायला शिकलेला. पंचांनी खाली वाकून विचारलं, त्यानं मान डोलावली. पंचांनी निर्णय फिरवला आणि समोरची पोरं नाचायला लागली.

मागून कुणीतरी ओरडलं, "अबे पागल है क्या? किसने देखा था?"

खरं सांगते, मलाही तेच ओरडायचं होतं. दोन कानाखाली द्याव्यात असं वाटलं. इतके दिवस भांडून मिळवलेलं सगळं त्यानं एका हातानं घालवलं होतं. त्याचे सर त्याला सगळ्यांसमोर झापत होते आणि तो खाली मान घालून ऐकत होता.

"त्यानं हात का वर केला?" आबांनी विचारलं.

मी चिडूनच सांगितलं. चेंडू त्याच्या बोटाला लागला होता, तो बोलला नसता तर आपण हरलो नसतो.

"पंचाला दिसलं नव्हतं?"

"नाही."

"दुसऱ्या कुणाला?"

"कुणालाच नाही, आबा."

आबांनी पुडीची घडी करून खिशात घातली. तेवढ्यात धाकटा आमच्यासमोर येऊन उभा राहिला. घामानं निथळत होता, पण डोळे कोरडे होते. "आबा, बोट लागलं होतं," एवढंच म्हणाला. मी मनात म्हटलं, संपलं. आता दिवाळी आणि दुकान.

आबांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग माझ्याकडं वळले.

"ह्याला आडतीवर बसवला तर महिन्यात कुलूप लागंल दुकानाला. लई खरा निघाला हा. आपल्या धंद्यात काय कामाचा नाय." टॉवेल झटकून त्यांनी खांद्यावर टाकला. "राहू दे इथंच. शिकव त्याला."

आणि ते गाडीसाठी फाटकाकडं चालायला लागले.

हरल्यावर न रडलेला धाकटा तेव्हा त्या पायरीवर बसून हमसून हमसून रडला.