उकळलेली एकेचाळीस दावी

शेषरावांनी पुसेगावजवळच्या तांड्यातली एकेचाळीस दावी एकाच कढईत घातली, वर मूठ मूठ धुण्याचा सोडा टाकला, पाऊण तास रटरटून उकळली आणि घड्याळाकडे बघून "झालं" म्हणाले.

झालंच होतं. त्यातली काही दावी अंबाडीची होती, काही सुताची, काही शेळीच्या केसांची, आणि उरलेली जवळा बाजार या गावातून आणलेली निळीपिवळी नायलॉनची. काठीने उपसून बघितलं तर अंबाडीचा पीळ सुटून नुसती झिपरी लोंबत होती. सुताची आखडून हातभर राहिली होती. केसांच्या दाव्यांचं एकत्र एक घोंगडं झालं होतं. नायलॉनची तेवढी शाबूत होती, पण अशी ताठ आणि वाकडी, की त्यांनी बैल बांधण्याऐवजी कपडे वाळत घालायचे हूक करावेत.

कढई तांड्याच्या लग्नकार्याची होती. होळी झाली होती, पुढच्या महिन्यात तांड्यातल्या म्हाताऱ्या खेमाची नात पुजा हिचं लग्न त्याच कढईवर व्हायचं होतं.

शेषराव काही वाईट माणूस नव्हते. गुरांच्या दवाखान्यातले पर्यवेक्षक, पापभीरू, कागदाला देव मानणारे. सन २००४ मध्ये वरून कागद आला, 'पशुधन बंधन-साहित्य स्वच्छता पंधरवडा'. बंधन-साहित्य म्हणजे दावं, हे कळायला शेषरावांना दोन दिवस लागले. लिहिणाऱ्याने इंजेक्शनच्या सुयांचं जुनं परिपत्रक पुढ्यात ठेवून नुसतं 'सुई' खोडून 'दावे' लिहिलं असावं. कारण 'उकळून निर्जंतुक करावे' याच्याखाली 'टोक बोथट झाले असल्यास नष्ट करावे' हेही तसंच राहिलं होतं.

आठ दिवसांनी तपासणी होती. ती चांगली झाली तर हिंगोलीला बदली, असं साहेबांनी तोंडी कबूल केलं होतं. शेषराव सात वर्षं सेनगावात एका खोलीत राहत होते आणि बायको निर्मलाबाई हिंगोलीच्या शाळेत नोकरीला. शनिवारी घरी गेले की लेक सुकन्या दारातून ओरडायची, "आई, पाहुणे आले!" पोरगी थट्टेनं म्हणायची, पण शेषरावांना ते सोमवारपर्यंत पुरायचं.

आणि आता हातात ही झिपरी.

दुपारी जीप आली. तीतून खेमा उतरला. तो लेकीकडे, संगिताकडे, गेला होता, म्हणून तर हे एवढं निर्विघ्न पार पडलं होतं. त्याने तांड्याकडे एकवार बघितलं. जगनचा बैल बायकोच्या लुगड्याने बांधलेला. बाबूसिंगचा टीव्हीच्या वायरीने. एक म्हैस सायकलच्या ट्यूबला बांधलेली, ती पुढे जायची आणि आपोआप मागे यायची.

"कोन मेलं?" खेमाने विचारलं.

जिवनबाईने, म्हणजे खेमाच्या बायकोने, शेषरावांकडे बोट केलं. "सायबानं दाव्यांची आमटी केली. वाढू का?"

या खेमाबद्दल सांगायला हवं. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर हिंडलेले. बैल गेले, हिंडणं गेलं, खेमाच्या वाट्याला तीन एकर तूर आणि दाव्यांची विद्या आली. साऱ्या तांड्याची दावी त्याच्या ओसरीवर यायची. नवं दावं तो आधी नाकाला लावायचा, मग पायाच्या अंगठ्यात अडकवून ओढायचा. माणसाशी बोलायला त्याच्याकडे दिवसाला दहा-बारा शब्द असायचे आणि त्यातले निम्मे जिवनबाईला उलट उत्तर द्यायला जायचे. ब्याण्णव-त्र्याण्णवला बाजारात नायलॉन आलं, तेव्हा सगळे भुलले. खेमाने एक निळं दावं आणलं, स्वतःच्या गळ्यात घातलं आणि दिवसभर खुंट्याला बसून राहिला. लोक बघायला आले. जिवनबाई म्हणाली, "चाळीस वर्सं मी बांधायला बघून राहिले, जमलं न्हाई. आता आपल्या हातानं बांधून बसला!" दिवस मावळता खेमाने दावं काढलं. मान लाल झाली होती. "घासतंय," एवढंच म्हणाला, आणि तेव्हापासून तांड्यातल्या प्रत्येक नायलॉनला मानेजवळ सुती चिंधी गुंडाळलेली असे.

कोणतंही दावं बैलाच्या आधी माणसाच्या गळ्यात, हा तेव्हा त्याचा नेम झाला. जनावराला बोलता येत नाही, आपल्याला येतं, एवढाच त्यामागे विचार.

शेषरावांना वाटलं, म्हातारा आता शिव्या देईल. खेमा कढईपाशी बसला आणि विचारलं, "सायेब, घरी धोतर अन् घोंगडं एकाच बादलीत धुता का?"

"नाही."

"काहून न्हाई?"

शेषरावांना उत्तर येत होतं, म्हणून त्यांनी काठीने कढई ढवळली. मग हळूच म्हणाले, "खेमाकाका, सोमवारी तपासणी आहे. एकेचाळीस दावी दिसली नाहीत तर माझी बदली गेली."

"बदली कुठं?"

"घरी."

खेमाने एक झिपरी उपसून पिळली. "मंग बसा खाली," तो म्हणाला. "प्यांट वर करा."

पुढचे आठ दिवस शेषराव दवाखान्याच्या वेळेआधी आणि नंतर तांड्यात असत. सुताची दावी पुन्हा भिजवून दोन कडुलिंबांच्या मधे ताणली, खाली दगड लटकवले आणि सावलीत वाळवून करंजाच्या तेलाचा हात फिरवला. उन्हात घातली की सूत कडक होतं आणि बैलाची मान सोलतं, हे शेषरावांना चाळिसाव्या वर्षी कळलं. नायलॉन गार पाण्यात रात्रभर टाकलं, सरळ केलं, टोकं विस्तवावर चिकटवली. त्याला नुसतं पाणी पुरतं. त्याला ऊन लागू द्यायचं नाही, बस्. केसांची दावी सोडवायला जिवनबाई बसली. ती हातांनी केस सोडवायची आणि तोंडाने शेषरावांना गुंडाळायची. केसांच्या दाव्याला खरं तर पाणीच दाखवायचं नसतं. झाडायचं, लिंबाच्या पाल्याचा धूर द्यायचा, पिसवा जातात. अंबाडीची मात्र कामातून गेली होती. ती उकिरड्यात पुरली आणि आढ्यावरचा जपून ठेवलेला वाक, म्हणजे अंबाडीची साल, भिजवून नवी वळली. अंबाडीला ओलं असतानाच वळायचं आणि ओलं कधी बांधून ठेवायचं नाही. शेषरावांच्या तळव्यांची सालं गेली.

"साहेबांना लिहून कळवतो," ते भारावून म्हणाले. "चार प्रकारांना चार कलमं."

"कळवा," जिवनबाई म्हणाली. "ते चारीला एकच फडकं लावतील."

सोमवार उजाडला. एकेचाळिसावं दावं तेवढं राहिलं होतं, आणि नेमाप्रमाणे ते आधी माणसाच्या गळ्यात जायचं होतं. चाळीस खेमाने स्वतःच्या गळ्यात घालून बघितली होती.

"हे तुमी वळलंय," तो म्हणाला. "तुमीच घाला."

शेषराव खुंट्याला बांधून घेऊन चहा पीत बसले असताना तपासणीची जीप तासभर आधी आली. अमृतराव साहेब उतरले. समोर बैलांच्या रांगेत, दोन खोंडांच्या मधे, आपला पर्यवेक्षक गळ्यात दावं घालून उकिडवा. बाजूच्या खोंडाने प्रेमाने त्याचा कान चाटला.

"हे काय शेषराव?"

शेषराव उठायला गेले. दावं पुरलं नाही, पुन्हा बसले. "साहेब... चाचणी. प्रत्यक्ष."

साहेबांनी दाव्यांवर हात फिरवला, वास घेतला, खूश झाले. 'निर्जंतुकीकरण तापमान' या रकान्यात काय लिहू, म्हणून विचारलं. खेमाने "सावली" सांगितलं, साहेबांनी 'सावली' लिहिलं. शेऱ्यात लिहिलं, 'कर्मचारी स्वतः बांधून घेतो. अनुकरणीय.'

तिथेच सगळं फिरलं. पंधरा दिवसांत नवं परिपत्रक निघालं. चार प्रकारच्या दाव्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. सर्व पर्यवेक्षकांनी आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे स्वतःस बांधून घेऊन तसा छायाचित्रासह अहवाल द्यावा, एवढंच होतं. तालुक्यातले सहकारी पेटले. हा शेषराव आमच्यात नको, याला लांब पाठवा, अशी सह्यांची निवेदनं गेली. सात वर्षं स्वतःच्या अर्जांनी झालं नाही ते दुसऱ्यांच्या तक्रारींनी आठवड्यात झालं. शेषरावांना शिक्षा म्हणून सेनगावातून हलवलं, थेट हिंगोलीला.

आदेश खिशात घालून शेषराव तांड्यात निरोप घ्यायला आले. डोळे भरले होते. खेमा ओसरीवर एका दाव्याची चिंधी बदलत होता. आत पुजाच्या लग्नाची गडबड चाललेली.

"खेमाकाका, तुमच्यामुळं घरी चाललो. तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही," शेषराव म्हणाले. "जाण्याआधी काही सेवा असली तर सांगा."

खेमाने मान वर न करता अंगणातल्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे कढई उताणी पडली होती. सोड्याचे पांढरे फराटे आणि शेळीचे केस तिच्या बुडाला अजून तसेच चिकटलेले होते.

"ती घासून जा."